सुगरणीचा माग

हिप्परग्याच्या तलावाकडे जाताना रस्त्यापासून जरा आत एक जुनी विहीर आहे. काठावरची बाभूळ विहिरीवर झुकलेली. एप्रिलपर्यंत तिथले पक्षी पाहून कुणीही म्हणेल, चिमण्याच आहेत. तपकिरी, रेघारेघांचे, नर कोणता नि मादी कोणती याचा पत्ता लागू नये असे. मग मे सरत येतो, सोलापूरचं ऊन अंग भाजून काढत असतं आणि त्यातल्या काहींच्या डोक्याला हळद लागू लागते. पुढे दोन-चार सरी पडून बांधावरचं गवत वर आलं, की हेच हळदीचे नर फांदीला उलटे लटकून विणायला लागतात.

त्यांना आपण सुगरण म्हणतो. नाव बाईचं, विणकाम मात्र नराचं. लहानपणी हे कळलं तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नव्हतं. सोलापूरच्या पूर्वभागातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत मागावर पुरुष असायचे आणि बायका कांड्या भरायच्या. नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटायचं. हे याला सुचतं कसं, आणि नेमकं याच दिवसांत का सुचतं?

सोलापुरी चादरीवरची नक्षी विणणाऱ्याच्या डोक्यात नसते. ती मागावरच्या जॅकार्ड नावाच्या यंत्रणेवर टांगलेल्या, भोकं पाडलेल्या पत्त्यांत असते. कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे ती भोकं ठरवतात. पण पत्ते वर्षभर टांगून ठेवले तरी वीज आल्याशिवाय यंत्रमाग हलत नाही. पक्ष्याची जनुकं म्हणजे हे पत्ते आणि त्याच्या रक्तातली संप्रेरकं (हार्मोन्स) म्हणजे वीज, असं मी मुलांना कित्येक वर्षं सांगत आलो. ही उपमा बऱ्याच लांबपर्यंत साथ देते. कुठे सोडून जाते, तेही सांगतो.

आधी विजेचं बटण पाहू. सोलापुरात डिसेंबरातला दिवस साधारण ११ तासांचा, जूनमधला १३ तासांहून किंचित मोठा. एवढा फरक आपल्या गावीही नसतो, पक्षी मात्र तो मोजतो. १९२०च्या दशकात विल्यम रोवन यांनी कॅनडातल्या एडमंटनमध्ये, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, जुन्को नावाच्या छोट्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यांवर दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवला. बाहेर बर्फ पडत होता, तरी त्या नरांची वृषणं वसंतात वाढावीत तशी वाढली. ऋतूची खूण त्यांना उबेतून मिळत नव्हती, ती प्रकाशातून मिळत होती. पुढे फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांनी बदकांवर दाखवलं की या कामाला डोळेही लागत नाहीत. प्रकाश पिसांतून, कातडीतून, पातळ कवटीतून झिरपतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशींना गाठतो. मला ही विज्ञानातली सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. पाखराच्या डोक्याच्या आत ऊन पडतं.

तिथून निरोप पुढे सरकतो. मेंदूतल्या थायरॉइड संप्रेरकाचा जोर वाढतो, त्याने मेंदूचा तळभाग जागा होतो, तो पिट्युटरी ग्रंथीला हाक देतो, ती ‘एलएच’ नावाचं संप्रेरक रक्तात सोडते आणि वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात. कित्येक गाणाऱ्या पक्ष्यांत हंगामाबाहेर ज्वारीच्या बारक्या दाण्याएवढी असलेली वृषणं शेकडो पटींनी वाढतात आणि हंगाम सरला की पुन्हा आक्रसतात.

पण उन्हाचं वेळापत्रक दरवर्षी तेच. पाऊस मात्र आपल्या जिल्ह्यात कुणालाच शब्द देत नाही. सुगरणीला घरट्यासाठी गवताच्या किंवा उसाच्या पातीच्या ओल्या, लवचीक चिरफळ्या लागतात आणि पिल्लांसाठी किडे लागतात. दोन्ही पावसावाचून नाहीत. म्हणून दिवसाची लांबी शरीराला तयार करून ठेवते आणि विणायला सुरुवात होते ती पावसानंतर. पेरणीची सगळी तयारी करून आभाळाकडे बघत बसलेल्या शेतकऱ्यासारखा हा पक्षी जूनमध्ये थांबलेला असतो.

त्या हळदीबद्दल एक गंमत आहे. नराचा रंग म्हणजे नराच्या संप्रेरकाचा, टेस्टोस्टेरॉनचा परिणाम, असं कुणालाही वाटेल. बनारस हिंदू विद्यापीठात जे. पी. थपलियाल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नेमक्या आपल्या सुगरणीवरच काम केलं. वृषणं काढून टाकलेल्या नरालाही हंगामात पिवळी पिसं येतात, असं दिसलं. पिसांना रंग चढवते ती पिट्युटरीची एलएच. चोच काळी पडते ती मात्र टेस्टोस्टेरॉनने. एकाच पाखराच्या अंगावर दोन संप्रेरकांची सही, तीही एकमेकींपासून दोन बोटांवर.

नर घरटं अर्धं विणतो. शिरस्त्राण उलटं टांगावं तसा त्याचा आकार होतो. मग तो पंख फडफडवून चिवचिवाट करत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत बसून बघते, ओढून बघते आणि पसंत पडलं तरच राहते. सालिम अलींनी हा सगळा व्यवहार अलिबागजवळच्या किहीमला पाहून १९३१ साली प्रसिद्ध केला. पसंती मिळाली की नर बोगद्यासारखी नळी विणून घर पुरं करतो आणि लगेच पलीकडच्या फांदीवर दुसरं घर घेतो, दुसऱ्या मादीसाठी. अंडी उबवणं मादीचं, पिल्लांना भरवणंही बहुतेक तिचंच.

त्याला बेजबाबदार बाप म्हणायचा मोह होतो. एलन केटरसन यांचे अमेरिकेतले प्रयोग वाचल्यावर माझी भाषा जरा बदलली. त्यांनी जुन्को नरांच्या कातडीखाली टेस्टोस्टेरॉनची नळी बसवून ते हंगामभर चढं ठेवलं. हे नर जास्त गायले, लांबवर हिंडले, शेजारच्या माद्यांपासूनही त्यांना पिल्लं झाली. घरच्या पिल्लांच्या चोचीत मात्र कमी घास पडले आणि हे नर स्वतःही कमी जगले. म्हणजे हे संप्रेरक फुकटची ताकद नाही. एकीकडे घेतलं की दुसरीकडे द्यावं लागतं.

जनुकं यात कुठे शिरतात, ते उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या गळ्याच्या चिमणीइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. या एकाच जातीत डोक्यावर पांढरे पट्टे असलेले आणि मळकट पट्टे असलेले, असे दोन प्रकार आहेत. नरांतही आणि माद्यांतही. पांढरे भांडखोर, खूप गाणारे. मळकट शांत, पिल्लांना जास्त भरवणारे. जोडी जवळजवळ नेहमी एक पांढरा आणि एक मळकट अशीच जमते. एलेना टटल यांनी तीन दशकांच्या आसपास या पक्ष्यांचा पाठपुरावा केला. पांढऱ्यांच्या एका गुणसूत्राचा मोठा तुकडा उलटा बसलेला आहे आणि हजारावर जनुकं त्यात एकत्र अडकून पिढ्यान्‌पिढ्या जातात. त्यातलं एक जनुक इस्ट्रोजेन या संप्रेरकाला ओळखणारा ग्राही, म्हणजे पेशीतला जणू कानच, बनवतं. डोना मेनी यांच्या गटाने २०२०मध्ये मेंदूच्या एका छोट्या भागात या जनुकाचा आवाज दाबला, तर पांढऱ्या पक्ष्यांची आक्रमकता मळकटांइतकी खाली आली. रक्तातलं संप्रेरक काय सांगतंय यापेक्षा ऐकणारी पेशी किती कान देते, हे इथे निर्णायक ठरलं.

दुसरा पुरावा एकाच पक्ष्याचा आहे. झेब्रा फिंच हा आपल्या मुनियांचा ऑस्ट्रेलियातला भाऊबंद. त्याच्यात फक्त नर गातो आणि मेंदूतली गाण्याची केंद्रं नरात कितीतरी मोठी असतात. नॉटेबोम आणि अर्नोल्ड यांनी १९७६मध्ये हे दाखवलं तेव्हा खळबळ माजली. नर-मादीच्या मेंदूत डोळ्यांना दिसेल एवढा फरक असेल, असं तोवर कुणी मानत नव्हतं. मग २००३मध्ये एका अजब फिंचचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उजवी बाजू नराची, डावी मादीची, मधोमध रेघ मारावी तशी. दोन्ही बाजूंना रक्त एकच, म्हणजे संप्रेरकंही तीच. तरी उजवीकडचं गाण्याचं केंद्र डावीकडच्यापेक्षा मोठं होतं. हे पेशींच्या स्वतःच्या जनुकांचं काम. आणि डावी बाजूसुद्धा साध्या मादीपेक्षा नराकडे झुकलेली होती. तो रक्तातल्या संप्रेरकाचा हात असावा.

इथे माझी मागाची उपमा सोडून जाते. विणलेलं कापड जॅकार्डच्या पत्त्यात कधी नवी भोकं पाडत नाही की बंद मागाची वीज चालू करत नाही. पक्ष्यात हे घडतं. मेलो आणि क्लेटन यांनी १९९२मध्ये दाखवलं की स्वजातीचं गाणं नुसतं ऐकवलं तरी अर्ध्या तासात पक्ष्याच्या मेंदूत एक जनुक भराभर काम करू लागतं. जॉन विंगफील्ड यांनी १९९०मध्ये अनेक जातींची तुलना करून मांडलं की प्रतिस्पर्धी समोर आला की नराचं टेस्टोस्टेरॉन वाढतं. भांडण संप्रेरकातून येतं, हे खरंच. संप्रेरकही भांडणातून येतं. बाभळीवर शेजारी-शेजारी वीस नर एकमेकांच्या घरट्यातल्या काड्या पळवत असतात, तेव्हा मी हाच दुहेरी धागा बघत असतो.

आणि म्हणूनच मला दिव्यांची काळजी वाटते. जर्मनीत कस्तुर पक्ष्यांना रात्री केवळ ०.३ लक्स, म्हणजे चांदण्याहून जरासा जास्त उजेड दिला, तर त्यांची वृषणं जवळजवळ महिनाभर आधी वाढली. सुगरणीवर तशी वेळ आली आणि पाऊस मात्र आपल्या वेळेलाच आला, तर अंगात हंगाम आणि बांधावर वाळलेलं गवत, अशी गत होईल.

मागच्या वर्षी विहिरीच्या मालकांनी मोटारीच्या खोलीवर मोठा पांढरा एलईडी लावला. उजेड थेट बाभळीवर पडत होता. मी जाऊन त्यांना हे सगळं सांगितलं, कवटीतून झिरपणाऱ्या उन्हापासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग दिवा खाली वळवला तर चालंल का?” दुसऱ्या दिवशी तो वळवलेला होता. यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या बाभळीवर मी सतरा घरटी मोजली, त्यातली पाच अजून शिरस्त्राणाच्या आकाराची, पसंतीची वाट पाहत लटकलेली.