पितळी दिव्याचा पोचा आणि कांसाराची मोगरी

जुन्या मोटारीच्या पितळी दिव्याला पोचा आला की तो गॅरेजमध्ये नेऊ नये, कांसाराकडे न्यावा. हे मी इतकं ठामपणे सांगतो, कारण माझा पहिला दिवा मी गॅरेजमध्ये देऊनच घालवला. रॉकेलवर चालणारा, गाडीच्या बाजूला लावायचा दिवा होता तो आणि त्याच्या खांद्यावर रुपयाएवढा खळगा पडला होता. टिंकरिंगवाल्याने मोटारीच्या दरवाजाला करतात तेच केलं. खळग्याच्या मधोमध भोक पाडलं, स्क्रू बसवला आणि ओढला. पत्रा वर आला, पण भोकाभोवती फाटून. मग वर पुट्टी भरून, घासून मला परत दिला. त्याच्या हाताला पोलादी पत्र्याची सवय होती, पितळेची नव्हती. आणि नसणारच, कारण ही विद्या मोटारींच्या धंद्यातून शंभर वर्षांपूर्वीच बाहेर पडली आहे.

मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांच्यावर विजेचे दिवे नसत. बाजूचे आणि मागचा दिवा रॉकेलचे, पुढचे दोन मोठे दिवे अ‍ॅसिटिलीन वायूचे. हा वायू कॅल्शियम कार्बाईडच्या खड्यांवर पाणी ठिबकलं की सुटतो. कार्बाईड म्हटलं की आपल्याला आंब्यांच्या पेट्यांतली पुडी आठवते. फळं पिकवायला बंदी असलेले खडे ते हेच. १८९२ मध्ये थॉमस विल्सन यांना विजेच्या भट्टीत कार्बाईड तयार करण्याची रीत दुसरंच काही शोधताना सापडली आणि बघता बघता ते स्वस्त झालं. गाडीच्या पायरीवर एक पितळी डबा बसवलेला असे. त्यात वर पाणी, खाली खडे. तिथून रबरी नळीने वायू दिव्यात जाई आणि काडी ओढून दिवा पेटवावा लागे. खड्यांची मग चुन्याची लगदी होई, ती दर वेळी खरवडून काढायची.

हे दिवे घडवणारे लोक मोटारवाले नव्हते. बर्मिंगहॅमचा लुकास सायकलचे दिवे करता करता मोटारीच्या दिव्यांकडे वळला. अमेरिकेत केनोशा गावच्या बॅजर ब्रास कारखान्याचे ‘सोलर’ दिवे नावाजलेले होते. फ्रान्सचा लुई ब्लेरिओ १९०९ च्या २५ जुलैला विमानाने इंग्लिश खाडी ओलांडून जगभर गाजला, पण त्या विमानांचा खर्च त्याने काढला तो मोटारीच्या अ‍ॅसिटिलीन दिव्यांच्या धंद्यातून.

पोच्याचं गणित दिवा घडतो कसा यात आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. साधारण सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त असलं की पत्रा थंड असतानाच हवा तसा वळतो. या पत्र्याची गोल चकती लेथवर लाकडी साच्यासमोर फिरवायची आणि लांब दांड्याच्या हत्याराने दाबत दाबत साच्यावर बसवायची. दाबलं की पितळ कडक होतं, म्हणून मधे काढून मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पुन्हा फिरवायचं. असे तयार झालेले भाग, म्हणजे टोपी, धुराडं, बूड आणि कडं, शिसं-कथलाच्या झाळणाने जोडलेले असतात. पत्रा जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर जाड आणि वळणाच्या जागी त्याहून पातळ. त्यात दिवे गाडीवर सगळ्यांत पुढे आणि बाहेर काढलेले, त्यामुळे पहिला धक्का त्यांनाच.

हा सगळा थाट फार लवकर संपला. १९१२ च्या कॅडिलॅकवर विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे आले. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये पितळी दिवे लावूनच बाजारात आली होती. तिच्या १९१५ च्या मॉडेलला विजेचे हेडलाइट मिळाले आणि १९१७ च्या मॉडेलपासून रेडिएटरचं पितळही जाऊन काळा रंग आला. पुढे निकेल, नंतर क्रोम. गोव्यात जुनी गाडी म्हटलं की १९६१ पूर्वी आलेल्या मर्सिडीज आणि ओपेल डोळ्यांसमोर येतात, पण त्या क्रोमच्या जमान्यातल्या. पितळी दिवा त्यांच्या आजोबांच्या पिढीचा.

मोटारीचा पितळी दिवा गेला, तरी पितळेचं काम कुठे गेलं? आपल्याकडे ते देवघरात होतं. डिचोलीच्या पितळी समया आजही नाव राखून आहेत. पोचा काढायला लागणारं जवळजवळ सगळं कांसाराच्या हातात असतं: लाकडी मोगरी, निरनिराळ्या गोलाईच्या ऐरणी आणि मठारण्याची, म्हणजे ठोकून पत्रा सारखा करण्याची, नजर. दुसरं घर बँडवाल्यांचं. फेस्ताला ट्रंपेट-ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या या प्रदेशात वाद्य दुरुस्त करणारे हात होतेच. वाकड्या नळीत सळीच्या टोकावरचा पोलादी गोळा सरकवून पोचा आतून उचलायची त्यांची पद्धत दिव्याच्या धुराड्याला तशीच्या तशी लागू पडते.

माझा दुसरा दिवा एका वयस्क कांसाराने दुरुस्त केला. मी शेजारी बसून होतो. त्यांनी आधी सगळे जोड सोडवले. झाळण दोनशे अंशांच्या आसपासच वितळतं आणि पितळ मऊ व्हायला साडेचारशेच्या वर जावं लागतं. न सोडवता तापवलं तर दिवा हातात सुटा होऊन येतो. मग पत्रा मंद लाल केला आणि सरळ पाण्यात बुडवला. मी दचकलो. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं, पण पितळ मऊच राहतं. तापलेल्या पितळेवर मात्र त्यांनी हातोडी उगारली नाही. “कांसं गरम ठोकायचं, पितळ थंड झाल्यावर,” एवढंच म्हणाले. कांशाचं ताट किंवा शिगम्याचं कासाळें, म्हणजे मोठी झांज, घडवणाऱ्यांची रीत नेमकी उलटी, कारण थंड कांसं ठोक्याने तडकतं. पोच्याला त्यांनी मधे हात लावला नाही. कडेपासून सुरुवात करून, आतून गोल ऐरणीचा आधार देऊन, मोगरीने फेरे घेत ते आत आत सरकले. पोलादी हातोडी आणि पोलादी ऐरण यांच्यात पत्रा चिमटला की तो ताणतो, आणि ताणलेला पत्रा मूळ गोलाईवर पुन्हा बसत नाही. ठोक्याचा आवाज आधी बद्द होता. पत्रा घट्ट होत गेला तसा तो टणत्कारला आणि तिथे ते थांबले.

एक गोष्ट गोव्यात राहणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावी. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात ठेवल्या जागी तडकत असत. पावसाळ्याच्या ऋतूवरून त्या तडकण्याला नावही पडलं. कारण कळलं १९२१ मध्ये. घडवताना पत्र्यात ताण उरतो आणि घोड्यांच्या तबेल्यातला अमोनिया दमट हवेत त्या ताणाच्या जागी पितळ फोडतो. ठोकून सरळ केलेला दिवा म्हणजे ताण उरलेला पत्राच, आणि आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. म्हणून शेवटची मठारणी झाल्यावर, पुन्हा झाळण्याआधी, पत्रा तीनशे अंशांच्या आत हलकासा शेकायचा. कल्हईवेळी वापरलेला नवसागरही अमोनियाचाच क्षार, तो धुऊन काढायचा. अमोनिया असलेलं पॉलिश दुमडींत साठू द्यायचं नाही. चिंचेने किंवा बिंबल्यांनी घासणार असाल तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. आंबटात भिजत ठेवलं तर जस्त निघून पितळ लालसर दिसू लागतं.

बफिंगच्या चाकावर दिवा देऊ नये, असं माझं मत. दोन मिनिटांत चकाकतो खरा, पण कारखान्याचं ठसवलेलं नाव पुसट होतं आणि पातळ वळणं आणखी पातळ होतात.

माझ्या दिव्याच्या खांद्यावर पोच्याची जागा आता डोळ्याला दिसत नाही. डोळे मिटून अंगठा फिरवला की किंचित लागते. कांसारांनी विचारलं होतं, तेवढंही काढू का म्हणून. पत्रा कागदासारखा झाला असता, मी नको म्हटलं.