पेल्टास्ट व इतर हलके सैनिक (प्राचीन ग्रीस)

हॉपलाइट या जड शस्त्रधारी पायदळाच्या पुढे किंवा बगलेला राहून दुरून मारा करणारे, बहुधा चिलखत नसलेले ग्रीक सैनिक. त्यांत भाले फेकणारे, तिरंदाज व गोफणवाले असे प्रकार होते. ग्रीक युद्धाची वर्णने बहुतांशी हॉपलाइटांच्या फळीभोवती फिरतात. हलक्या सैनिकांना त्यांत मिळालेली जागा त्यांच्या कामगिरीच्या मानाने फारच अपुरी आहे.

या उपेक्षेचे मूळ सामाजिक होते. हॉपलाइटला ढाल, शिरस्त्राण व भाला स्वखर्चाने आणावा लागे. ज्यांना ते परवडत नसे ते गरीब नागरिक, दास किंवा परके भाडोत्री लोक हलक्या दलांत असत. ग्रीक इतिहासकार हेरॉडोटसच्या म्हणण्याप्रमाणे प्लाटीआच्या लढाईत (इ. स. पू. ४७९) प्रत्येक स्पार्टन योद्ध्यामागे सात हेलॉट (स्पार्टाचे भूदास) होते, त्यांनी काय केले, हे मात्र तो जवळजवळ सांगतच नाही. दुरून मारणे भेकडपणाचे, ही समजूतही जुनी होती. होमरच्या इलियड या महाकाव्यात ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचा बाण पायात रुतल्यावर ग्रीक योद्धा डायोमीडीझ त्याची तिरंदाज म्हणून हेटाळणी करतो.

पेल्टास्ट मुळात ग्रीसच्या उत्तरेकडील थ्रेसचे. वेताची, कातडे मढवलेली आणि पुष्कळदा चंद्रकोरीच्या आकाराची ‘पेल्टे’ ही ढाल व काही फेकभाले एवढाच त्यांचा सरंजाम. भाल्याच्या दांड्याला चामड्याची वादी गुंडाळून तिच्यात बोटे अडकवून तो फेकत. त्यामुळे भाला स्वतःभोवती फिरत जाई आणि लांब पडे. तिरंदाजीत क्रीटचे, तर गोफणीत ऱ्होड्सचे लोक नावाजलेले होते. इ. स. पू. ४०१ मध्ये इराणी साम्राज्यातून माघार घेताना ग्रीक सेनानी व इतिहासकार झेनोफनने आपल्या सैन्यातील ऱ्होड्सच्या लोकांमधून २०० गोफणवाले उभे केले. इराणी गोफणवाले मूठभर आकाराचे दगड वापरत. ऱ्होड्सवाल्यांच्या शिशाच्या गोळ्या त्यांच्या दुप्पट अंतर जात.

डोंगराळ मुलखात या सैनिकांपुढे हॉपलाइट किती हतबल होतात, हे अथेन्सचा सेनापती डेमॉस्थेनीझ इ. स. पू. ४२६ मध्ये ईटोलियात शिकला. तेथील भालाफेके चाल झाली की मागे हटत आणि शत्रू परतू लागला की पुन्हा तुटून पडत. डेमॉस्थेनीझच्या तिरंदाजांचे बाण होते तोवर निभाव लागला. त्यांचा नायक पडल्यावर सैन्य उधळले व अथेन्सचे सुमारे १२० हॉपलाइट मारले गेले. पुढच्याच वर्षी स्फॅक्टेरिया बेटावर त्याने हाच डाव स्पार्टनांवर उलटवला. बेटावर ४२० हॉपलाइट अडकले होते. त्याने ८०० तिरंदाज व जवळपास तितकेच पेल्टास्ट उतरवून उंचवटे धरले. स्पार्टन समोरच्या अथेनियन हॉपलाइटांना भिडू पाहत, पण ते जागचे हलेनात आणि पाठीवर व बगलेवर भाले-बाण बरसत. नुकत्याच जळालेल्या रानाची राख उडून समोरचे दिसेना, आरडाओरडीत हुकूम ऐकू येईनात. अखेर २९२ जण शरण आले. स्पार्टन मरतील पण शस्त्र ठेवणार नाहीत, असे मानणारा सारा ग्रीस या शरणागतीने हादरला.

कॉरिंथजवळ लेखेऑन येथे (इ. स. पू. ३९०) अथेन्सचा सेनापती इफिक्राटीझ याच्या पेल्टास्टांनी सुमारे ६०० जणांच्या स्पार्टन तुकडीचा असाच फडशा पाडला. स्पार्टनांनी तरुण हॉपलाइट पाठलागाला सोडले. ते दमून, विस्कळीत होऊन परतताना मारले जात. स्पार्टनांच्या मदतीला आलेल्या त्यांच्या घोडदळाने पुढे न घुसता पायदळाबरोबरच धाव ठेवली, ही त्यांची मोठी चूक. झेनोफन सुमारे २५० मृतांचा आकडा देतो. या विजयाचे सगळे श्रेय पेल्टास्टांना देणे मात्र योग्य नाही: सेनापती कॅलिअसचे अथेनियन हॉपलाइट जवळच फळी धरून उभे होते आणि ते पुढे सरकल्यावरच स्पार्टनांचा धीर सुटला.

स्वतःच्या बळावर हे सैनिक मोकळ्या मैदानात टिकत नसत. तेथे घोडदळ त्यांना सहज गाठी. मॅसिडोनियाने त्यांना घोडदळ व फॅलँक्स (लांब भालेधारी पायदळाची दाट फळी) यांच्याशी कायमचे जोडून घेतले. अलेक्झांडरचे अ‍ॅग्रिएनियन (बाल्कनमधील एका जमातीचे) भालाफेके त्याच्या जवळजवळ प्रत्येक अवघड मोहिमेत दिसतात. गॉगामीलाच्या लढाईत (इ. स. पू. ३३१) इराणी सम्राट डरायसचे रथ फळीपर्यंत पोहोचण्याआधीच त्यांनी घोड्यांवर भाले फेकले आणि लगाम धरून सारथ्यांना खाली ओढले.