पडदा इथे, संगणक तिथे

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या एका संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी दीड तासाचं प्रात्यक्षिक दाखवलं. तिथे जमलेल्या बहुतेकांनी माउस पहिल्यांदा पाहिला, म्हणून त्या दिवसाची आठवण अजून काढली जाते. पण एंगलबार्ट यांच्यासमोर संगणक नव्हताच. तो सुमारे पन्नास किलोमीटरवर, मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत होता. माउस आणि कळफलकाचे संकेत १२०० बॉडच्या (बॉड म्हणजे संकेत पाठवण्याच्या वेगाचं एकक) मोडेमवरून तिकडे जात होते आणि तिथल्या पडद्याचं चित्र मायक्रोवेव्ह लहरींवरून सभागृहात येत होतं. जाणारी वाट चिंचोळी, येणारी रुंद. आज आपण ज्याला रिमोट डेस्कटॉप म्हणतो, म्हणजे दूरचा संगणक आपल्यासमोरच्या पडद्यावरून चालवणं, त्याची मूळ रचना या दोन वाटांचीच आहे.

येणारी वाट किती रुंद हवी, याचा हिशेब सोपा आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले तर एका चित्राचे ६२ लाख बाइट होतात. सेकंदाला अशी ३० चित्रं पाठवायची तर जवळजवळ दीड गिगाबिटचा वेग लागेल. इतका वेग फार थोड्यांकडे असतो, तरीही रिमोट डेस्कटॉप साध्या इंटरनेटवर व्यवस्थित चालतो, कारण अख्खं चित्र पुन्हा पुन्हा पाठवलंच जात नाही. तुम्ही एक अक्षर टाइप केलंत की त्या अक्षरापुरता छोटा चौकोन बदलतो आणि तेवढाच पाठवला जातो. पान वर सरकवलंत तर ‘हा भाग इतका वर घ्या’ एवढी सूचना पुरते, नव्याने दिसलेल्या ओळींचं चित्र मात्र जातं. व्हिडिओ सुरू केला की सगळाच पडदा सतत बदलू लागतो आणि जोडणी धापा टाकायला लागते, ती यामुळेच.

उशीर हा मात्र वेगळा विषय आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत फार होते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. पलीकडचा संगणक ५००० किलोमीटरवर असेल तर कळ दाबल्याचा निरोप तिथे पोचायला २५ मिलिसेकंद आणि बदललेलं चित्र परत यायला आणखी २५. प्रत्यक्षातल्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, वाटेतले राउटरही थोडा वेळ खातात, त्यामुळे खरा आकडा मोठाच असतो. जास्त वेगाचं इंटरनेट घेऊन हा उशीर जात नाही. पडद्याचा आकार कमी केला, पार्श्वचित्र आणि खिडक्यांची सळसळ बंद केली, तर रुंदीचा प्रश्न सुटतो, अंतराचा नाही.

हे काम करणाऱ्या पद्धती अनेक आहेत. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेली एक्स विंडो, केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत तयार झालेली व्हीएनसी आणि मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आणलेली आरडीपी (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल) ही त्यातली मोठी नावं. व्हीएनसीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्या मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली आठ अक्षरंच मोजली जातात आणि पडद्याचं चित्र कूटबद्ध न करता उघडं जातं. नव्या प्रकारांनी हे सुधारलं असलं, तरी आपल्याकडे कोणता प्रकार आहे हे तपासल्याशिवाय ती वापरू नये.

एकाच घरातल्या किंवा कार्यालयातल्या नेटवर्कवर जोडणी उभी करणं कठीण नाही. विंडोजची होम आवृत्ती दुसऱ्या संगणकात जाऊ शकते, पण आपल्यात कुणाला येऊ देत नाही. त्यासाठी प्रो किंवा त्यावरची आवृत्ती लागते. सेटिंग्जमध्ये रिमोट डेस्कटॉप चालू करायचं, ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ ही खूण तशीच ठेवायची, संगणक झोपी जाणार नाही असं पाहायचं आणि राउटरमध्ये त्याचा पत्ता पक्का करून टाकायचा, नाहीतर उद्या राउटर त्याला दुसराच पत्ता देईल. परवानगी कुणाकुणाला आहे ती यादीही इथेच उघडून बघावी. प्रशासक खात्यांना विंडोज न विचारता प्रवेश देतं. माझं मत विचाराल तर रिमोटसाठी एक साधं, कमी अधिकारांचं खातं वेगळं ठेवावं.

खरी अडचण उंबरठ्याबाहेर सुरू होते. घरातल्या संगणकाचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. असे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत आणि जगभर असंख्य घरांत तेच ते वापरले जातात, त्यामुळे बाहेरून त्या पत्त्यावर पोचताच येत नाही. बाहेरच्या जगाला फक्त राउटर दिसतो. यावर जुना उपाय आहे पोर्ट फॉरवर्डिंगचा. राउटरला सांगायचं, ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे आरडीपीसाठी ठरलेल्या दारावर, जे येईल ते या संगणकाकडे पाठव. पाच मिनिटांत काम होतं, आणि ते करू नये असं मी अगदी कळकळीने सांगेन.

कारण ते दार तुमच्यासाठी उघडलं, तसं सगळ्यांसाठीच उघडतं. इंटरनेटवरचे पत्ते ज्या आयपी पद्धतीने दिले जातात तिच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. आकडा अफाट वाटतो, पण मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन प्रसिद्ध केलं, ते गिगाबिट जोडणी असलेल्या एकाच संगणकावरून या सगळ्या पत्त्यांवरचं एखादं पोर्ट ४५ मिनिटांच्या आत ठोठावून पाहतं. त्यामुळे ‘माझ्या संगणकात कुणाला काय रस असणार’ हा दिलासा खोटा आहे. शोधणाऱ्याला तुमचं नाव ठाऊक नसतं आणि त्याची त्याला गरजही नसते. २०१९ मध्ये सोफॉस या सुरक्षा कंपनीने आरडीपी उघडं ठेवलेले दहा सापळा-संगणक जगात वेगवेगळ्या ठिकाणी इंटरनेटवर लावले. त्यातल्या पहिल्यावर लॉगिनचा प्रयत्न झाला तो १ मिनिट २४ सेकंदांत. एका दिवसाच्या आत दहाही सापडले आणि महिन्याभरात सगळ्यांवर मिळून सुमारे ४३ लाख प्रयत्न नोंदले गेले.

पोर्टचा क्रमांक बदलून लपता येतं, असा सल्ला अजून दिला जातो. त्याने आळशी शोधणारे कमी होतात, एवढंच. एकूण पोर्ट ६५ हजारांच्या घरात आहेत आणि चिवट शोधणारा तेही तपासतो.

पासवर्ड भक्कम असेल तर काय बिघडतं? इथे थोडं थांबून आकडे पाहू. फक्त इंग्रजी लहान लिपीतली आठ अक्षरं घेतली तरी २० हजार ८८२ कोटी जुळण्या होतात. सेकंदाला दहा प्रयत्न केले तर त्या सगळ्या संपायला साडेसहाशेहून जास्त वर्षं लागतील. म्हणून सगळ्या जुळण्या कुणी करून बघतच नाही. पूर्वी कुठल्यातरी संकेतस्थळावरून फुटलेल्या पासवर्डच्या याद्या आणल्या जातात आणि त्या एकेका खात्यावर घासल्या जातात. तुमचा पासवर्ड कितीही लांब असला, पण तोच दुसरीकडे वापरलेला असला, तर तो त्या यादीत असू शकतो. ठराविक चुकांनंतर खातं काही वेळ बंद पाडण्याची सोय विंडोजमध्ये आहे आणि ती चालू असावी. मात्र पोर्ट उघडं असताना तिचा उलटा त्रास होतो. बाहेरचे लोक चुकीचे पासवर्ड टाकत राहतात आणि खातं बंद पडून तुम्हीच बाहेर अडकता.

शिवाय पासवर्ड विचारण्याआधीच घात झाला तर? मे २०१९ मध्ये उघड झालेला ‘ब्लूकीप’ हा दोष नेमका असा होता. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये आरडीपीला विशिष्ट रीतीने घडवलेले संदेश पाठवले की लॉगिन न करताच संगणकावर हवा तो प्रोग्रॅम चालवता येत होता. एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा किडा यातून तयार होऊ शकतो, हे ओळखून मायक्रोसॉफ्टने पाठिंबा केव्हाच थांबलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली, यावरून धोक्याचा अंदाज यावा. मघाशी जी नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनची खूण तशीच ठेवा म्हटलं, तिचं मोल इथे कळतं. ती असली की आधी ओळख पटवावी लागते, मगच लॉगिनचा पडदा आणि त्यामागची सगळी यंत्रणा उभी राहते. अनोळखी माणसाच्या संदेशांना तोंड देणारा कोडचा भाग त्यामुळे बराच आक्रसतो.

मग बाहेरून यायचं कसं? माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे आरडीपीला इंटरनेटवर येऊच न देणं आणि आधी व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या कूटबद्ध बोगद्याने, घरच्या नेटवर्कमध्ये शिरणं. वायरगार्ड हे त्यासाठीचं साधन मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत सामील झालं आणि आता अनेक राउटरांमध्येही मिळतं. त्यात पासवर्ड नसतो. प्रत्येक यंत्राची एक गुप्त आणि एक जाहीर किल्ली असते. लॅपटॉपची जाहीर किल्ली राउटरच्या यादीत लिहायची, राउटरची लॅपटॉपवर लिहायची, गुप्त किल्ली ज्या त्या यंत्राबाहेर जाऊ द्यायची नाही. यातला मला सर्वांत आवडणारा गुण असा, की यादीतल्या किल्लीने प्रमाणित न झालेल्या संदेशाला वायरगार्ड उत्तरच देत नाही. नकारही कळवत नाही. ठोठावून पाहणाऱ्याला तिथे काही आहे की नाही, हेच समजत नाही.

लॅपटॉपवरच्या वायरगार्डच्या फाइलमध्ये ‘अलाउड आयपीज’ अशी एक ओळ असते आणि नव्याने बसवणारे बहुतेक तिथेच अडखळतात. बोगद्यातून कोणत्या पत्त्यांकडे जायचं ते ही ओळ ठरवते. तिथे घरच्या नेटवर्कचे पत्ते लिहिले तर तेवढीच ये-जा बोगद्यातून होते. शून्यांचा पत्ता (०.०.०.०/०) लिहिला तर लॅपटॉपचं सगळं इंटरनेट घरून फिरून जातं. बाहेरच्या नेटवर्कचे पत्तेही योगायोगाने १९२.१६८.१ ने सुरू होत असतील, तर लॅपटॉप घरचा संगणक त्याच नेटवर्कवर शोधत बसू शकतो. म्हणून घरच्या राउटरला सुरुवातीलाच थोडी वेगळी, कमी वापरातली मालिका द्यावी.

काही इंटरनेट पुरवठादार अनेक ग्राहकांना मिळून एकच जाहीर पत्ता देतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला दिसला तर तुम्ही अशा सामाईक पत्त्यामागे आहात आणि बाहेरून थेट आत येणं शक्य नाही. तेव्हा मधला एक सर्व्हर लागतो. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क यांसारखी साधनं याच तत्त्वावर चालतात. दोन्हीकडचे संगणक आतून बाहेर जोडणी करतात आणि त्यांची गाठ मध्ये घालून दिली जाते. राउटरला हात लावावा लागत नाही, म्हणून ही साधनं सोयीची आहेत. मात्र तिथल्या तुमच्या खात्यावरच सगळी भिस्त असते. दर ३० सेकंदांनी बदलणाऱ्या सहा आकडी कोडची दुसरी पायरी तिथे लावलीच पाहिजे. फोन आणि सर्व्हर यांच्याकडे एकच गुपित असतं, दोघेही त्यात चालू वेळ मिसळून तोच आकडा काढतात. त्यामुळे नुसता पासवर्ड फुटून काम भागत नाही.

यानंतरही एक फट उरते, ती माणसाची. ‘तुमच्या संगणकात बिघाड आहे, हे ॲप टाका आणि आलेला नंबर सांगा’ असा फोन येतो. त्यात कूटलेखन मोडलेलं नसतं, पासवर्ड चोरलेला नसतो. मालकाने स्वतः आत घेतलेलं असतं, त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने सगळं रीतसर चाललेलं असतं. समोरचा माणूस तुमच्या जागी बसलेला असतो आणि पडद्यावर येणारा प्रत्येक कोड त्यालाही दिसतो. आपणहून मदत मागितलेली नसताना आलेल्या अशा फोनला होकार द्यायचाच नाही. दिला गेलाच असेल, तर आधी इंटरनेटची तार उपटा किंवा वायफाय बंद करा, मग दुसऱ्या यंत्रावरून बँकेची आणि मेलची खाती सांभाळा.

पहिल्यांदा जोडताना ‘या संगणकाची ओळख पटवता येत नाही’ अशी सूचना येते आणि आपण सवयीने ‘होय’ दाबतो. विंडोजने आपलं प्रमाणपत्र स्वतःच बनवलेलं असतं, म्हणून ती येते. प्रमाणपत्र उघडून त्याचा ठसा (थंबप्रिंट, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अंक-अक्षरांची ओळ) एकदा घरच्या संगणकावरच्या ठशाशी ताडून पाहावा. पुढे कधी काही बदललेलं नसताना तीच सूचना पुन्हा आली तर मात्र थांबावं, कारण मध्ये कुणी तिसरा बसला असण्याची ती खूण असू शकते. स्वतःच्या डिस्क पलीकडे दाखवण्याची सोयही गरज नसेल तर बंद ठेवावी. पलीकडचा संगणक बाधित असला तर तीच वाट उलटी तुमच्याकडे येते.

सगळं बसवून झालं की फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून घरच्या जाहीर पत्त्यावर आरडीपी जोडून बघा. जोडणी व्हायला नको. मग वायरगार्ड चालू करून घरातल्या पत्त्यावर पुन्हा बघा, आता व्हायला हवी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिक्युरिटी’ नोंदी उघडल्यात तर ४६२५ क्रमांकाची प्रत्येक ओळ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४६२४ म्हणजे यशस्वी. पोर्ट उघड्या ठेवलेल्या संगणकावर ४६२५ च्या ओळींची रांगच्या रांग दिसते, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘युजर’ अशा नावांनी. तुमच्याकडे महिन्याभरात तुमच्याच टाइपिंगच्या चुकांच्या दोन-चार ओळी असल्या तर रचना बरोबर बसली आहे. आणि काम संपल्यावर खिडकीची फुली दाबून थांबू नका. फुलीने फक्त पडदा तुटतो. पलीकडे तुमचं सत्र, उघड्या फाइलींसकट, चालूच राहतं. ते संपवायचं असेल तर साइन आउट करावं लागतं.