मेंढपाळांचा वाडा आणि लोकर कातरणाऱ्यांची टोळी

ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या शेडमध्ये कमरेत वाकून मेरिनो मेंढी भादरणाऱ्या माणसाचे छायाचित्र मराठीत आले, की त्याखाली ‘तिकडचे धनगर’ अशी ओळ हमखास असते. दोघेही मेंढ्यांमध्ये वावरतात आणि दोघेही वर्षातला मोठा काळ घराबाहेर काढतात, एवढ्याच साम्यावर हा घोळ वर्षानुवर्षे चालू आहे. दोन्हीकडच्या कष्टांचे स्वरूप त्यामुळे झाकले जाते, म्हणून मला तो खटकतो.

धनगरांचा वाडा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे उतरणे, घोड्यावर लादलेले बिऱ्हाड, खताच्या बदल्यात शेतात मेंढ्या बसवणे आणि पावसाच्या तोंडावर परतणे हे सारे परिचयाचे आहे. दख्खनी मेंढीची लोकर उतरवणे हे या वर्षक्रमातले एक काम असते, मुख्य काम नव्हे.

लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीचे मात्र तेच एकमेव काम असते. एक ठेकेदार मेंढ्यांच्या मालकांशी तारखा ठरवतो आणि माणसे घेऊन एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जातो. टोळीत कातरणारे असतात, उतरलेली लोकर उचलून टेबलावर पसरणारे आणि तिच्या कडांचा मळकट भाग काढणारे मदतनीस असतात, गासड्या दाबणारा असतो, आणि आडबाजूच्या मोठ्या शेडवर स्वयंपाकीही असतो. लोकरीची प्रतवारी करणाऱ्याचा मान वेगळा, कारण त्याचा नोंदणीकृत शिक्का गासडीवर उमटतो आणि त्या भरवशावर खरेदीदार बोली लावतो.

आता खरा फरक. वाडा चालतो तो मेंढ्यांसाठी. चारा संपला, पाणी आटले की कळप हलतो आणि कळपामागे माणसे हलतात. टोळीच्या बाबतीत मेंढ्या जागच्या जागी असतात आणि माणसे एकटी फिरतात. कातरणाऱ्याची स्वतःची एकही मेंढी असण्याची गरज नाही. त्याचा प्रत्येक मेंढीशी संबंध जेमतेम दोन-तीन मिनिटांचा असतो. ती आजारी होती का, गाभण होती का, उद्या कुठे चरेल, याची जबाबदारी मालकाची. मेंढपाळाचे पोट कळप जगण्यावर अवलंबून असते, तर कातरणाऱ्याचे पोट दिवसअखेर भादरून झालेल्या मेंढ्यांच्या आकड्यावर. आपल्याकडचे उदाहरणच हवे असेल, तर ते वाड्यात न शोधता ऊसतोडणीच्या टोळीत शोधावे: तिथेही मधे मुकादम असतो, हंगाम असतो आणि केलेल्या कामाच्या मापाने पैसे मिळतात. उचलीचा फास मात्र कातरणाऱ्यांच्या मानेभोवती नसतो, एवढे लक्षात ठेवावे.

त्या आकड्याभोवती शेडचा सारा दिवस कसा बांधलेला असतो, ते जवळून पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियात सकाळी साडेसातला घंटा होते आणि दोन-दोन तासांच्या चार पाळ्यांत काम चालते. मधे चहाच्या दोन सुट्ट्या आणि तासाभराचे जेवण. कातरणारा मागच्या कोंडवाड्यातून मेंढी ओढून आणतो, तिला बसती करून आधी पोटाची लोकर काढतो, मग ठरलेल्या क्रमाने यंत्र फिरवत अखंड लोकर उतरवतो आणि मेंढीला घसरणीवरून खाली सोडतो. खाली प्रत्येकाचा स्वतंत्र कोंडवाडा असतो. पाळी संपली की त्यातल्या मेंढ्या मोजून वहीत लिहिल्या जातात, आणि तीच त्याची मजुरी. मेंढा आवरायला अवघड, म्हणून त्याचा दर दुप्पट. मदतनिसांना मात्र नगावर नव्हे, पाळीप्रमाणे पैसे मिळतात. मेंढ्या ओल्या आहेत की नाहीत, यावर कातरणारे मतदान करतात आणि बहुमत ‘ओल्या’ म्हणाले तर काम थांबते. अशा मतदानाची वेळ वाड्यात येणारच नाही, कारण तिथे मेंढीचा मालक आणि कातरणारा हे बहुधा एकाच घरचे असतात.

संप हीदेखील याच फरकाची निष्पत्ती आहे. 1891 साली क्वीन्सलँडमधील कातरणाऱ्यांनी केलेला संप ऑस्ट्रेलियातील मजूर पक्षाच्या जडणघडणीतला मोठा टप्पा मानला जातो. 1983 साली न्यूझीलंडहून आलेल्या, कातरयंत्राला लावायच्या रुंद फण्यांवरून पुन्हा मोठा संप झाला, कारण फणी रुंद झाली की आकडा वाढतो आणि आज ना उद्या दर पाडला जातो, अशी संघटनेची भीती होती. स्वतःच्या कळपाविरुद्ध कोणी संप करत नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. यंत्र की हातकातर, या प्रश्नाला लोक उगाच महत्त्व देतात; ऑस्ट्रेलियन कातरकरी जॅकी हाऊने 1892 मध्ये 7 तास 40 मिनिटांत 321 मेंढ्या भादरल्या त्या हातकातरीनेच, आणि तरी तो मेंढपाळ नव्हता. अशा विक्रमांचेच गोडवे गाणेही मला पसंत नाही. एकाच जागी दोनदा यंत्र फिरवून धागा तोकडा न करणारा आणि मेंढीला जखम होऊ न देणारा कातरकरी माझ्या लेखी अधिक मोठा. वाडा कुटुंबाचा आणि टोळी परक्यांची, असाही फरक सांगितला जातो, पण तो पुरता खरा नाही, कारण न्यूझीलंडमध्ये माओरी कुटुंबांतली नातलग मंडळी एकाच टोळीत राबताना दिसतात.

कोविडच्या महासाथीच्या काळात सीमा बंद झाल्या, तेव्हा न्यूझीलंडचे कातरणारे ऑस्ट्रेलियात पोहोचू शकले नाहीत आणि तिथल्या मालकांना वेळेवर टोळ्या मिळेनात. मेंढ्या आणि त्यांचा चारा जागेवर होता, हात नव्हते. त्याच दिवसांत आपल्याकडच्या वाड्यांपाशी हात आणि मेंढ्या दोन्ही होते. त्यांची चिंता कळप पुढच्या चाऱ्यापर्यंत नेण्याची होती.