माशांचं बिऱ्हाड स्पंजात

पहिल्यांदा घर बदललं तेव्हा मी फिशटँकमधलं जुनं पाणी पाच कॅनमध्ये भरून, मांडीवर घ्यायचं तेवढं बाकी ठेवून, जपून नेलं. माशांना ‘आपलं’ पाणी मिळालं पाहिजे, एवढा एकच ध्यास. फिल्टरचा स्पंज मात्र तपकिरी आणि बुळबुळीत झाला होता. नव्या घरात ही घाण कशाला, म्हणून तो नळाखाली धरला आणि नितळ पाणी येईपर्यंत पिळून पिळून धुतला. प्रवास उत्तम झाला. सगळे मासे सुखरूप पोचले, दुसऱ्या दिवशी खाऊही लागले. चौथ्या दिवशी ते पाण्याच्या अगदी वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले आणि आठवडा संपायच्या आत निम्मे मासे गेले.

प्रवासाचा यात काही दोष नव्हता. जे न्यायला हवं होतं ते मी मोरीत सोडून दिलं होतं आणि जे टाकलं असतं तरी चाललं असतं ते जिवापाड जपलं होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं माशांचं बिऱ्हाड त्या बुळबुळीत स्पंजात असतं.

शरीरातला नको असलेला नायट्रोजन आपण युरियाच्या रूपात लघवीवाटे टाकतो. अमोनियाचा युरिया करायला ऊर्जा लागते, आणि चहूकडे पाणीच पाणी असताना ती खर्च कशाला करायची? म्हणून बहुतेक मासे अमोनिया थेट कल्ल्यांतून बाहेर सोडतात. नदीत तो वाहून जातो. काचेच्या पेटीत तो तिथंच राहतो, आणि त्याच कल्ल्यांना जाळतो. टाकीतले मासे यातून वाचतात ते काही सूक्ष्मजीवांच्या जिवावर. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र बरंच सौम्य असतं आणि अधूनमधून थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं.

नायट्राइटचं नायट्रेट करण्याचा हा दुसरा टप्पा नायट्रोबॅक्टर नावाचे जीवाणू पार पाडतात, असं बरीच वर्षं मानलं जाई. घरगुती टाक्यांमध्ये हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ साली दिसून आलं. पुढे २०१५ साली याच कुळातले असे जीवाणू सापडले, जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकहाती करतात. शंभरेक वर्षं हे काम दोघांत वाटलेलंच असतं असं धरून चाललेल्या शास्त्रज्ञांना तो धक्काच होता. त्या शोधातले काही जीवाणू मत्स्यपालनाच्या एका यंत्रणेतल्या फिल्टरमध्ये मिळाले होते, याचं माझ्यासारख्या स्पंज धुणाऱ्याला विशेष वाईट वाटतं.

हे जीव पाण्यात मोकळे फारसे तरंगत नाहीत. स्पंज, सिरॅमिकचे तुकडे, तळातले खडे, लाकूड अशा पृष्ठभागांना ते चिकट थर करून धरून बसतात. तो बुळबुळीतपणा म्हणजे त्यांची वस्तीच. म्हणजे पाच कॅन पाण्याबरोबर मी त्यांतले नावापुरतेच नेले होते. शिवाय त्यांची वाढ भलतीच संथ असते. इतर कित्येक जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना त्यासाठी निम्मा ते एक दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतो. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात, ते यामुळेच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तर जीवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. म्हणजे स्पंजावर मी महिन्याभराची कमाई एका मिनिटात पिळून काढली होती.

मग हा स्पंज न्यायचा कसा? या जीवांना ऑक्सिजन लागतो. फिल्टर बंद पडला की आतल्या कोंडलेल्या पाण्यातला ऑक्सिजन ते स्वतःच काही तासांत संपवतात. बंद डब्यासारखा फिल्टर तसाच भरून नेला आणि दुसऱ्या दिवशी जोडला, तर सडक्या अंड्यांचा वास येतो. ऑक्सिजनविना जगणाऱ्या दुसऱ्याच जीवाणूंनी तोवर ताबा घेतलेला असतो. अशा वेळी ते पाणी टाकीत जाऊ देऊ नये. त्यापेक्षा स्पंज बाहेर काढावा, टाकीतल्याच पाण्यात हलकेच बुडवून सैल झाकणाच्या डब्यात ओलसर ठेवावा. पाण्यात पूर्ण बुडवून ठेवण्यापेक्षा नुसता ओला ठेवणं बरं, हे ऐकायला उलटं वाटतं. पण २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो आणि एक लिटर हवेत तो २७० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे तीसपटीहून जास्त. ओला स्पंज हवेशी जितका खेळेल तितके त्यातले जीव तगून राहतात. वाळू मात्र द्यायचा नाही आणि उन्हात तापूही द्यायचा नाही.

माशांच्या पिशवीचं गणितही याच आकड्यांवर चालतं. दुकानातून मासा आणताना पिशवीत जेमतेम एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा असते. आपल्याला वाटतं, बिचाऱ्याला पाणी कमी दिलं. पण त्याचा श्वास वरच्या हवेच्या साठ्यावर चालतो. पाण्यातला ऑक्सिजन वापरला गेला की वरून तो विरघळत राहतो, आणि गाडीच्या हिंदकळण्याने विरघळणं सोपंच होतं. पिशवी काठोकाठ पाण्याने भरली तर उलट मासा गुदमरतो. लांबच्या प्रवासात हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन भरतात. त्याला फायटर आणि गुरामी यांचा अपवाद. हे मासे पृष्ठभागावर येऊन खरोखरची हवा गिळतात, त्यासाठी त्यांना कल्ल्यांखेरीज एक वेगळा अवयव असतो. त्यांच्या पिशवीत साधी हवाच ठेवतात. फायटरला अर्थातच स्वतंत्र पिशवी. कॅटफिशच्या परांमधले काटे पिशवी फोडतात, म्हणून त्यांना दुहेरी पिशवी किंवा सरळ झाकणाचा डबा. गोल्डफिशची गोष्ट आणखी न्यारी. थंड आणि ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात तो लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून कल्ल्यांतून सोडतो आणि बराच काळ तग धरतो. पण तुमच्या गोल्डफिशची ही कला घर बदलताना तपासून पाहू नका. उबदार पाण्यात तोही ऑक्सिजनचा भुकेला असतो.

उष्णता ही दुहेरी मारते. पाणी तापलं की त्यात विरघळणारा ऑक्सिजन कमी होतो, २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम असतो तो ३० अंशांना साडेसातवर येतो. आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते, दहा अंशांच्या फरकाने साधारण दुप्पट. पुरवठा घटतो, मागणी वाढते. शंभर लिटरची टाकी सावकाश तापते किंवा गार होते, पण दोन लिटरची पिशवी उन्हातल्या गाडीत पाहता पाहता तापते. यावर थर्माकोलची झाकणाची पेटी हा उत्तम उपाय आहे. तिच्या आत अंधारही असतो, आणि अंधारात मासे शांत राहतात. घाबरलेला मासा ऑक्सिजन जास्त खातो.

आता पिशवीतला सगळ्यात मजेशीर भाग, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त घोटाळाही इथंच होतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, विषारी अमोनिया आणि बराच निरुपद्रवी अमोनियम. कुठलं रूप किती, हे प्रामुख्याने पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, ठरतं. २५ अंशांना सामू ७ असेल तर दर हजारी सहाएक भागच विषारी रूपात असतात. सामू ८ झाला की हाच आकडा चोपन्नच्या घरात जातो. एका अंकाच्या फरकाने विष नऊपट होतं. बंद पिशवीत मासा श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडत राहतो, पाणी आम्लधर्मी होत जातं, सामू उतरतो. अमोनिया साठत असतो खरा, पण उतरलेल्या सामूमुळे त्यातला बहुतेक अमोनियम होऊन गप्प बसतो. मासा स्वतःच्या श्वासाने स्वतःच्या विषाची नांगी मोडत असतो म्हणा ना.

आणि मग आपण पिशवी उघडतो. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू भरभर चढतो, आणि गप्प बसलेला अमोनियम पुन्हा अमोनिया होतो. नेमक्या याच वेळी बरेचजण, काळजीपोटीच, पिशवी उघडी ठेवून तासभर थेंब थेंब नवं पाणी त्यात सोडत बसतात. तासाभराचा प्रवास असेल तर यात काही बिघडत नाही, अमोनिया साठलेलाच नसतो. पण मासा सात-आठ तास पिशवीत असेल तर तो सौम्यपणा त्याच्या जिवावर येतो. अशा वेळी बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखं करायचं, टाकीचा दिवा बंद ठेवायचा, मग पिशवी उघडून मासा जाळीने अलगद टाकीत सोडायचा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्यायचं.

एवढ्या झटपट सोडायचं तर टाकीतलं पाणी माशाच्या ओळखीचं हवं. जुनं पाणी न्यायचं ते यासाठी, जीवाणूंसाठी नव्हे. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त आजूबाजूच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे पाणी सतत शरीरात शिरत असतं आणि क्षार बाहेर झिरपत असतात. मासा पातळ लघवी करत आणि कल्ल्यांनी क्षार ओढून घेत दिवसभर हा हिशेब जुळवत असतो. ताणाखाली तो ऑक्सिजनसाठी कल्ल्यांकडे जास्त रक्त पाठवतो, आणि त्याच वाटेने क्षारही जास्त गमावतो. म्हणजे थकून आलेला मासा आधीच क्षारांच्या तोट्यात असतो. त्याला एकदम वेगळ्या क्षारतेच्या पाण्यात टाकणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. जुन्या टाकीतल्या पाण्याची एक खोडही ध्यानात घ्यावी. अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातले सामू सांभाळणारे क्षार खात जातं, त्यामुळे फारशी देखभाल नसलेल्या टाकीचं पाणी हळूहळू आम्लधर्मी झालेलं असतं. घर बदलण्याआधी दोन-तीन आठवडे थोडं थोडं पाणी बदलत राहिलं की हा फरक आपोआप मिटतो. तेवढं केलं तर माझ्या मते निम्मं जुनं पाणी नेणं पुष्कळ झालं, बाकीचं नळाचं. त्यातलं क्लोरीन मारायला अँटीक्लोरीन घालायचं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं, पण काही ठिकाणी त्याऐवजी क्लोरामाइन वापरतात आणि ते तसं जात नाही.

निघण्यापूर्वी एक-दोन दिवस माशांना खाऊ घालू नये. घरातल्या मुलांना हे पटवणं अवघड जातं. निरोगी, मोठ्या माशाला दोन दिवसांचा उपास काहीच नाही, आणि पिशवीतली विष्ठा आणि अमोनिया मात्र बराच कमी होतो. पूर्ण थांबत नाही, कारण शरीरातली प्रथिनं मोडत राहतात.

टाकीचं म्हणाल तर ती रिकामीच हलवायची. शंभर लिटर पाण्याचं वजन शंभर किलो, वर काच आणि खडे. सिलिकॉनचे सांधे पाण्याचा सरळ दाब वर्षानुवर्षं सोसतात, पण उचलताना टाकीला जी पीळ बसते ती त्यांना सोसत नाही. ‘तळाला चार बोटं पाणी राहू दे, मासे त्यातच नेऊ’ हा विचार म्हणून मनात आणू नये. गाडी वळली की ते पाणी एका टोकाला धावतं. खडेही काढून वेगळे न्यावेत. खालच्या थरात साठलेली घाण आणि कधी कधी काळे, दुर्गंधी येणारे पट्टे असतात, ते मासे बाहेर काढल्यावरच ढवळावेत. खड्यांवरही जीवाणूंची वस्ती असते, म्हणून ते टाकीच्याच पाण्यात खळबळून ओले ठेवायचे. पाणवनस्पतींची काळजी सगळ्यात कमी, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घातल्या की दिवसभर टवटवीत राहतात.

आकार कितीही असो, युक्त्या त्याच. २००५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया मत्स्यालयासाठी तैवानहून दोन देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, मालवाहू विमानाने आणले गेले. जगातली सर्वांत मोठी माशाची जात ती, पण हवेतल्या त्या टाक्यांमध्येही चिंता ऑक्सिजनची, तापमानाची आणि साठणाऱ्या घाणीचीच.

नव्या घरी पोचल्यावर खोकी उघडायच्या आधी टाकी मांडायची, फिल्टर सुरू करायचा. पहिला दिवस दिवा बंद, खाऊ नाही. वस्तीतले काही जीव प्रवासात मेलेले असतातच, म्हणून आठवडाभर चिमूटभरच खाऊ आणि रोज अमोनिया व नायट्राइटची चाचणी. नायट्राइट दिसलंच तर थोडं पाणी बदलायचं आणि किंचित साधं मीठ घालायचं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांमध्ये नायट्राइटची वाट अडवतं. कॅटफिशच्या टाकीत मात्र मिठाचा हात आखडताच ठेवावा.

दुसऱ्यांदा घर बदललं तेव्हा मी अडीच कॅनच पाणी नेलं. स्पंज माझ्या पायाशी एका डब्यात होता, ओला, तपकिरी आणि पहिल्यापेक्षाही बुळबुळीत. चौथ्या दिवशी चाचणीच्या नळीत थेंब टाकले आणि पाच मिनिटं नळी उजेडाला धरून बसलो. अमोनिया असेल तर पाणी हिरवं होतं. ते पिवळंच राहिलं.