विश्वासाच्या दहा फेऱ्या

जॉइस बर्ग, जॉन डिकहॉट आणि केविन मॅक्केब या अमेरिकी संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वरवर अगदी साधा होता. एका खोलीतील प्रत्येकाने आपल्याजवळच्या दहा डॉलरपैकी हवे तितके दुसऱ्या खोलीतील अनोळखी जोडीदाराला पाठवायचे. वाटेत ती रक्कम तिप्पट होणार आणि त्यातले किती परत करायचे, हे सर्वस्वी घेणाऱ्याच्या मर्जीवर राहणार. कोणी किती दिले, हे प्रयोग घेणाऱ्यांनाही कळू नये, अशी व्यवस्था होती. निव्वळ स्वार्थाचा हिशेब केला, तर घेणारा छदामही परत करणार नाही आणि हे ओळखून देणाराही काही देणार नाही. प्रत्यक्षात ३२ पैकी ३० जणांनी पैसे पाठवले. पाठवलेली सरासरी रक्कम ५.१६ डॉलर होती, परत आलेली ४.६६. म्हणजे विश्वास टाकणाऱ्यांचे सरासरीने थोडे नुकसानच झाले, ही बाब या प्रयोगाचे कौतुक करताना बहुधा सांगायची राहून जाते.

मात्र एकाच फेरीत विश्वास मोजता येतो, तो वाढताना दिसत नाही. त्यासाठी ब्रूक्स किंग-कासास, रीड माँटेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ४८ जोड्यांना हाच खेळ सलग दहा फेऱ्या खेळायला लावला आणि त्या वेळी दोन्ही खेळाडूंच्या मेंदूंचे एमआरआय यंत्राने चित्रण केले. घेणारा पुढच्या फेरीत परतफेड वाढवील की नाही, याचा सर्वांत चांगला अंदाज पैसे देणाऱ्याच्या मागच्या वागण्यावरून येत होता. परतफेड घटल्यावर देणाऱ्यानेही हात आखडला, तर ते जशास तसे झाले. पण परतफेड घटूनही ज्याने उलट रक्कम वाढवली, त्याच्या जोडीदाराच्या मेंदूतील कॉडेट न्यूक्लियस या, बक्षीस आणि शिकणे यांच्याशी निगडित भागाने अधिक जोरदार प्रतिसाद दिला. शिवाय विश्वास ठेवण्याच्या इराद्याशी निगडित असलेला तेथील संकेत सुरुवातीच्या फेऱ्यांत देणाऱ्याचा निर्णय कळल्यानंतर उमटत होता, तर शेवटच्या फेऱ्यांत तो सुमारे १४ सेकंद अलीकडे, निर्णय कळण्यापूर्वीच उमटू लागला. अनोळखी जोडीदाराची पत तोवर तयार झाली होती.

अर्थात ही पत पुढच्या फेरीच्या आशेवरही टिकून असते. फेऱ्यांची संख्या आधीच ठाऊक असलेल्या अशा खेळांत शेवट जवळ आला की परतफेड घसरते, असे वारंवार आढळते.