घोड्याला कावीळ

आजोबांनी काळ्या शाईने काढलेलं, बडोद्यातल्या मांडवी या जुन्या कमानदार इमारतीचं चित्र परवा रावपुऱ्यातल्या घरात सापडलं. स्कॅन केलं, गिम्प हे चित्रं रंगवायचं सॉफ्टवेअर उघडलं, रंगाची बादली घेऊन मधल्या कमानीवर पिवळा ओतला. कमान पिवळी झालीच, पण आकाश, रस्ता आणि टांग्याचा घोडासुद्धा! भाची म्हणाली, "मामा, घोड्याला कावीळ झाली."

बादलीचा दोष नव्हता. जिथे ओताल त्या ठिपक्यापासून (पिक्सेलपासून) ती शेजारचे ठिपके तपासते. रंग सारखा असेल तर तो ठिपका रंगवते, मग त्याचे शेजारी, असं रेघ आडवी येईपर्यंत. कमानीच्या टोकाशी आजोबांचा टाक उचलला गेला होता. दोन ठिपक्यांची फट, तेवढी पुरली.

फट बुजवली, तर रेघेला लागून पांढरट किनार उरली. हे जरा गमतीचं आहे. आपल्याला काळी दिसणारी रेघ स्कॅनमध्ये नुसती काळी नसते. ठिपक्याचा उजेड ० ते २५५ आकड्यांत मोजतात. रेघेच्या मध्यावर तो शून्याजवळ, कागदावर २५५ जवळ आणि काठावर मधला कुठलातरी करडा. बादलीला हा करडा परका वाटतो, म्हणून ती अलीकडेच थांबते. तिची सहनशीलता, म्हणजे किती वेगळा रंग चालवून घ्यायचा ती मर्यादा, वाढवली की ती रेघच खायला लागते.

म्हणून रंग चित्रावर ओतूच नये. त्यासाठी चित्रावर वेगळा थर (लेयर) घ्यावा आणि त्याची पद्धत 'मल्टिप्लाय' ठेवावी. नावाप्रमाणे हा सरळ गुणाकार आहे: दोन्ही थरांचे आकडे गुणायचे, २५५ ने भागायचं. कागद २५५ असेल तर रंग जसाच्या तसा राहतो, शाई शून्य असेल तर उत्तर शून्य, म्हणजे काळंच. काठावरचा १२८ चा करडा घ्या: लाल २३०, हिरवा १७०, निळा ४० अशा तीन आकड्यांचा मोहरीसारखा पिवळा तिथे साधारण ११५, ८५, २० होतो. किनार गायब! ब्रश रेघेवर थोडा चढला तरी बिघडत नाही.

ही युक्ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे. बडोद्याच्याच लक्ष्मी विलास राजवाड्यात मूळ तैलचित्रं असलेल्या राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तिथे प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा दगड असे. एकावर एक छापलेल्या शाया एकमेकींतून दिसत आणि तिसरीच छटा उमटे. कागदाने परत पाठवलेल्या उजेडातला थोडा थोडा भाग प्रत्येक शाई गिळते, गुणाकार तोच.

एक अडचण मात्र राहतेच. जुना कागद कुठला २५५ असायला? तो पिवळटलेला, त्यामुळे गुणाकारात सगळेच रंग मळकट होतात. आधी 'लेव्हल्स'मध्ये, म्हणजे उजेडाचे आकडे ताणायच्या सोयीत, कागद पांढऱ्याकडे ओढावा लागतो. मी ओढला, तर घोड्याच्या पायाशी आजोबांनी पेन्सिलने हलकेच काढलेली सावलीही धुऊन निघाली. मग थोडं मागे आलो. आकाश जरा मळकट आहे आता, पण सावली आहे.